व्हिटबीची पाच पोरं आणि आगाऊ वर्गणी (प्रोटेस्ट द हीरो)

मध्यरात्रीचा चहा

गेल्या रविवारी माळा आवरताना जुनी हार्ड डिस्क सापडली आणि आवरणं तिथेच राहिलं. 'नवीन फोल्डर ३' मध्ये 'केझिया' नावाचा अल्बम अख्खा निघाला. २००७ साली हॉस्टेलच्या लॅनवर कुणीतरी टाकला होता आणि आम्ही सगळ्यांनी तो फुकटात उतरवून घेतला होता. तेव्हा गाणाऱ्याचं नाव माहीत नव्हतं, बँड कुठला तेही नाही. ऐकताना एकच प्रश्न पडायचा, हे वाजवतायत तरी किती जण? दोन गिटार एकमेकींच्या अंगावर धावून जातायत, बास खाली स्वतःचं वेगळंच काही सांगतोय, ड्रमर कुणाचंच ऐकत नाहीये आणि तरी सगळे नेमके एकत्र थांबतात.

वाजवणारे पाच जण होते आणि अल्बम आला तेव्हा विशीच्या उंबरठ्यावर होते.

बँडचं नाव प्रोटेस्ट द हीरो, गाव व्हिटबी. कॅनडात ओंटारिओ प्रांतात, टोरांटोच्या पूर्वेला पन्नासेक किलोमीटरवर. रोडी वॉकर गायला, ल्यूक हॉस्किन आणि टिम मिलर गिटारवर, आरिफ मीराब्दोलबाघी बासवर, मो कार्लसन ड्रम्सवर. १९९९ मध्ये शाळेत असताना एकत्र आले तेव्हा नाव होतं 'हॅपी गो लकी'. त्या वयात सुचतं तसंच नाव. पहिला ईपी (छोटा अल्बम) २००२ मध्ये काढताना ते बदललं. तेव्हाचं संगीत म्हणजे वेगवान, राजकीय, जगावर चिडलेलं पंक. २००३ च्या दुसऱ्या ईपीत गिटार अवघड व्हायला लागते आणि २००५ च्या 'केझिया'त पंकची फक्त चीड उरते, बाकी सगळं प्रोग्रेसिव्ह मेटल, म्हणजे गुंतागुंतीच्या मात्रांचं मेटल.

मला मात्र लिहायचंय ते त्यांच्या पैशाबद्दल. असली गाणी रेडिओवर लागत नाहीत, लग्नात वाजत नाहीत, जाहिरातीत कुणी घेत नाही. तरी ही पोरं टिकली, आणि ज्या रीतीने टिकली ती आपल्याला फार ओळखीची आहे. २०१३ च्या जानेवारीत, तीन अल्बम झाल्यावर, त्यांनी चौथ्यासाठी रेकॉर्ड कंपनीकडे म्हणजे लेबलकडे जायचं सोडून थेट ऐकणाऱ्यांकडे हात पसरले. इंडीगोगो या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर १,२५,००० डॉलर मागितले. एवढे दोनेक दिवसांतच जमले, आणि मोहीम संपली तेव्हा आकडा होता ३,४१,१४६. अल्बम अजून झालेलाच नव्हता!

म्हणजे आपली प्रकाशनपूर्व सवलत. पुस्तक छापायच्या आधी पैसे भरा, नाव यादीत घाला, पुस्तक घरपोच.

त्या ३,४१,१४६ मध्ये माझे पंचवीस डॉलर आहेत. माझ्याकडे तेव्हा बाहेर चालणारं कार्ड नव्हतं, न्यू जर्सीच्या मावसभावाला गळ घातली. तो म्हणाला, 'अरे, जे गाणं अजून झालंच नाही त्याचे पैसे?' मी म्हटलं, जे आधीच ऐकून झालंय त्याचे समज.

कुणी ऐकलंय का यांना इथे? की मी एकटाच?

डबल पेडल

एकटा नाहीस रे बाबा. वाचनखूण साठवली. दोन दुरुस्त्या सुचवतो, राग मानू नकोस.

एक, 'लेबलकडे जायचं सोडून' हे अर्धंच खरं. पैसा लोकांचा, मालकी बँडची, हे बरोबर. पण 'व्होलिशन' (चौथा अल्बम, ऑक्टोबर २०१३) दुकानांत पोहोचवायला उत्तर अमेरिकेत रेझर अँड टाय आणि युरोपात स्पाइनफार्म होतेच. आधीच्या व्यवस्थेत लेबल पैसे घालतं आणि मालक होतं, बँड पुढची काही वर्षं ती उचल फेडत राहतो. इथे मालक बँड आणि लेबल पोहोचवणारा. फरक मोठा आहे, पण 'मधला माणूस उडवला' असं म्हणता येत नाही. मधला माणूस पगारावर ठेवला म्हण.

दोन, तू दुसरा अल्बम 'फोर्ट्रेस' वगळलास. २००८ ची जानेवारी. माझ्या मते यांचं सगळ्यात घट्ट काम तेच. चंगीझ खानाच्या स्वाऱ्या, आयरिश पुराणातल्या देवता, आणि या सगळ्यावर ल्यूकचं दोन्ही हातांनी तारांवर टॅपिंग. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी गिटार शिकत होतो. दुसऱ्या दिवशी क्लासला गेलो नाही.

कुरकुरीत

सगळं ठीक, पण तीन लाख डॉलर लोकांकडून? याला आमच्याकडे वर्गणी म्हणत नाहीत, भीक म्हणतात. आमच्या सोसायटीत गणपतीची पावती फाडायला येतात तीसुद्धा जबरदस्तीच, पण निदान मूर्ती तरी दिसते.

मध्यरात्रीचा चहा

कुरकुरीत, आयडीला जागलात. :-) भीक घालणाऱ्याला बदल्यात काही मिळत नाही. इथे अल्बम मिळाला, तोही चांगला. आणि जबरदस्ती कुठली? व्हिटबीहून कुणी पावतीपुस्तक घेऊन माझ्या दारात आलं नव्हतं.

डबल पेडल, पगारावर ठेवला हे आवडलं. मान्य.

एजॅक्सकर

व्हिटबीचं नाव मराठीत वाचून दचकलोच! मी इथे शेजारीच राहतो, अकरा वर्षं झाली. टोरांटोच्या युनियन स्टेशनवरून गो ट्रेनने पूर्वेला निघालं की पिकरिंग, एजॅक्स, व्हिटबी आणि शेवटी ओशावा. ओशावा म्हणजे जनरल मोटर्सचा कारखाना. या पट्ट्यातली निम्मी माणसं सकाळी टोरांटोला जातात आणि संध्याकाळी परत येतात, आपलं कल्याण-डोंबिवली समजा, फक्त गर्दी वजा आणि बर्फ अधिक. एकसारखी घरं, प्रत्येकाला गॅरेज, प्रत्येकाला तळघर. हिवाळ्यात पाच-सहा महिने पोरं करणार काय? एक तर हॉकी, नाही तर तळघरात बँड.

दुसरी गोष्ट म्हणजे ओंटारिओत दारू १९ व्या वर्षानंतर. बँड वाजतात ते बहुतेक बारमध्ये. मग पंधरा वर्षांची पोरं वाजवणार कुठे आणि त्यांचे मित्र ऐकणार कुठे? म्हणून इथे 'ऑल एजेस' कार्यक्रमांची वेगळीच दुनिया आहे. माजी सैनिकांचे हॉल, चर्चची तळघरं, शाळांची सभागृहं. दारू नाही, त्यामुळे जागेच्या मालकाला गल्ला नाही, त्यामुळे भाडं पोरांनीच तिकिटांतून काढायचं. कार्यक्रम ठरवणं, पत्रकं चिकटवणं, दारात हातावर शिक्के मारणं, शेवटी खुर्च्या लावून हॉल झाडून देणं, सगळं स्वतःच. म्हणून मला त्या २०१३ च्या वर्गणीचं नवल वाटलं नाही. ऐकणाऱ्याकडून थेट दारात पैसे घ्यायचे हा धंदा हे लोक चौदाव्या-पंधराव्या वर्षीच शिकलेले असतात.

माझा मुलगा आता अशाच एका बँडमध्ये आहे. तळघर माझं आहे. बाकी काय सांगू.

नाना ७१

चहावाले, तुमचा लेख वाचून उत्सुकतेने एक गाणं लावले. दीड मिनिटाने सौ. स्वयंपाकघरातून विचारती झाली की मिक्सर कुणी चालू ठेवला. आमच्या काळी रेडिओ सिलोन होते. असो. तुम्हा तरुणांचा उत्साह पाहून बरे वाटते. पण एक शंका. यात मात्रा वगैरे काही असतात का, की ज्याला जेव्हा वाटेल तेव्हा तो मारतो?

समेवर या

नाना, तुमच्या शंकेसाठीच लॉगिन केलं. मी तबला वाजवतो, मेटल मुलीमुळे ऐकावं लागतं.

मात्रा असतात. भरपूर असतात. माझी अडचण तिथेच आहे. या संगीतावर लिहिणारे 'सात मात्रा, म्हणजे आपला रूपक' असं सर्रास लिहितात, ते थांबवा अशी नम्र विनंती. रूपक म्हणजे नुसते सात नव्हेत. तीन-दोन-दोन असे विभाग, पहिल्याच मात्रेवर खाली (टाळीऐवजी मोकळा हात), आणि ते आवर्तन पुन्हा पुन्हा फिरून त्याच जागी येणार हा विश्वास. गायक कुठेही भटकून आला तरी सम जागेवर असते. ती हलत नाही, म्हणून भटकण्याला मजा.

या पोरांकडे आवर्तनच नाही. पाचाची एक ओळ, मग सहाची, मग सात, मग अर्धीच. गिटारचं वाक्य जिथे संपतं तिथे माप संपतं. मात्रा वाक्यामागे धावते. आपल्याकडे वाक्याला मात्रेत बसावं लागतं. मी वाईट म्हणत नाही. पण याला ताल म्हणू नका, याचा छंद निराळा आहे. मुक्तछंदच म्हणा हवं तर, फक्त पाचही जणांना तो तोंडपाठ आहे.

डबल पेडल

समेवर या, हे मी गेली पंधरा वर्षं वाजवतोय आणि मला कधी असं मांडता आलं नाही. 'वाक्य संपतं तिथे माप संपतं.' अगदी. आमच्यात ड्रमरला गाणं पाठ करताना आकडे देत नाहीत, रिफ (गिटारचं वाक्य) तोंडाने म्हणून देतात. डुगुडुग-डा-डुगु-डा. म्हणजे बोलच झाले की.

पण सम अजिबात नसते असं नाही. सगळे जिथे एकदम आदळतात ती जागा तुम्हाला शोधायला लागते, इतकंच. तिहाईचा, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येण्याचा, शेवट जसा अंगावर येतो तसा तो येतो.

समेवर या

तिहाईत शेवट कुठे येणार हे आधी कळतं. म्हणून तर मान हलते. इथे नंतर कळतं. पण चला, एवढी तडजोड मी करतो.

वसईची पोर

मला गिटारमधलं ओ की ठो कळत नाही, पण 'केझिया'च्या गोष्टीबद्दल कुणीच बोलेना म्हणून लिहितेय.

अख्खा अल्बम ही एकच कथा आहे. केझिया नावाच्या बाईला गोळ्या घालून ठार मारायची शिक्षा झालीय. पहिली तीन गाणी तुरुंगातल्या पाद्र्याच्या तोंडची, पुढची तीन पहारेकऱ्याची, ज्याला ते काम करायचंय, आणि नंतरची तीन खुद्द तिची. दहावं गाणं या तिघांच्याही बाहेरचं. शब्द आरिफचे, म्हणजे बासवाल्याचे, गातो रोडी. केझियाच्या भागात एक बाईचा आवाजही येतो, जेडिया केली हिचा. तीही त्याच भागातली गायिका, एरवी शांत लोकगीतांच्या वळणाचं गाणारी.

आमच्या घरी बायबलातल्या ईयोबाची गोष्ट लहानपणापासून ऐकलेली. सगळं गमावलेल्या ईयोबाला शेवटी देव पुन्हा भरभरून देतो, त्यात तीन मुली. मधलीचं नाव हेच. मराठी बायबलात उच्चार थोडा वेगळा पडतो. अर्थ दालचिनीच्या जातीची सुगंधी साल. आणि त्या गोष्टीत एक बारीक वाक्य आहे, की बापाने मुलींना भावांच्या बरोबरीने वतन दिलं. मुलांची नावं तिथे दिलेलीच नाहीत, मुलींची दिलीत! वतनाची वाटेकरीण झालेल्या मुलीचं नाव या पोरांनी भिंतीपुढे उभ्या केलेल्या बाईला का दिलं असेल, यावर मी एका लेंटमध्ये (ईस्टरआधीचा उपवासकाळ) चाळीस दिवस विचार केलाय. (उपवास धड झाला नाही, ते वेगळं.)

पाद्र्याला त्यांनी खलनायक केलेलं नाही, हे मला विशेष वाटतं. तो गळून गेलाय. ज्यावर विश्वास होता तेच हातातून निसटलंय. एकोणीस वर्षांच्या पोरांनी पाद्र्याच्या आतून लिहावं, पहारेकऱ्याच्या आतून लिहावं, हे मला त्या सगळ्या टॅपिंगपेक्षा अवघड वाटतं.

मध्यरात्रीचा चहा

वसईची पोर, हा प्रतिसाद म्हणजे या धाग्याची कमाई. वतनाचं मला माहीतच नव्हतं. आज पुन्हा ऐकणार.

शब्दांचा विषय निघालाच आहे तर तिसरा अल्बम, 'स्करिलस', मार्च २०११. तिथे आरिफच्या बरोबरीने रोडीही मोठ्या प्रमाणावर लिहू लागला आणि भाषा खाली उतरली. देवता गेल्या, रोजच्या कुरबुरी आल्या. 'व्होलिशन'मध्ये तर चक्क ओंटारिओतल्या कुत्र्यांच्या कायद्यावर गाणं आहे. २००५ मध्ये तिथे पिट बुल जातीवर बंदी आली, त्यावर. आणि एक गाणं न्यूफाउंडलंड बेटाच्या प्रेमात पडून लिहिलेलं. चंगीझ खानाकडून शेजारच्या कुत्र्यापर्यंत. काही लोकांना ही घसरण वाटते, मला नाही वाटत.

डबल पेडल

मला वाटते. :-) आरिफच्या शब्दांत धुकं होतं, चाचपडायला लागायचं. रोडी सरळ सांगतो आणि सरळ सांगितलेलं तिसऱ्यांदा ऐकावंसं वाटत नाही.

वसईची पोर

उलट! धुक्यात लपता येतं. कुत्र्यावर लिहायला धीटपणा लागतो.

कुरकुरीत

कुत्र्यावर गाणं आणि त्याला तीन लाख. चालू द्या.

पण खरं सांगायचं तर माझा एक गंभीर मुद्दा आहे. कॅनडात सरकार या लोकांना पोसतं असं ऐकलंय. रेडिओवर आरक्षण, वरून अनुदान. मग कसलं आलंय स्वाभिमानाने टिकणं?

एजॅक्सकर

आरक्षण आहे, पण ते या पोरांच्या ताटात पडत नाही. १९७१ पासून इथल्या रेडिओवर ३० टक्के गाणी कॅनडाची हवीत असा नियम आला, १९९९ मध्ये तो ३५ वर गेला. गाणं कॅनडाचं कधी? संगीत, कलाकार, ध्वनिमुद्रण आणि शब्द या चारांपैकी दोन तरी इथले असले की. पण ती पस्तीस टक्के जागा रेडिओवाले ज्यांची गाणी गाडी चालवताना गुणगुणता येतात त्यांनी भरतात. केझियाला कोण लावणार सकाळी साडेआठच्या ट्रॅफिकमध्ये?

अनुदानाचं वेगळं. १९८२ पासून फॅक्टर नावाची संस्था आहे, पैसे खासगी रेडिओ कंपन्यांचे आणि केंद्र सरकारचे. ध्वनिमुद्रणाला, दौऱ्याला मदत करते. व्हिडिओसाठीही वेगळा निधी होता. आणि मचम्युझिक ही वाहिनी होती, जी अशा बँडांचे व्हिडिओ खरोखर दाखवायची. उपनगरातल्या पोरांपर्यंत मेटल पोहोचायचं ते तिथून.

आता हा पैसा लागतो का, ते नकाशा उघडून बघा. टोरांटोहून व्हँकुव्हर रस्त्याने साधारण ४,४०० किलोमीटर. मध्ये विनिपेग यायलाच दोन दिवस, आणि त्यातला बराच रस्ता सुपीरियर सरोवराच्या काठाने झाडं बघत जायचा. वाजवायला गावंच नाहीत. पेट्रोल मात्र लागतं. म्हणून इथला प्रत्येक बँड दक्षिणेला अमेरिकेकडे बघतो. तिथे दर तीन तासांवर शहर. पण तिकडे वाजवायला आधी व्हिसा, त्याची फी, आणि सीमेवर टी-शर्टांच्या खोक्यांचा हिशोब. पोसतं म्हणण्याइतकं सोपं नाही हो.

नाना ७१

आमच्याकडे २०१५ साली मराठी चित्रपट प्राइम टाइमला दाखवा म्हणून केवढे रणकंदन झाले होते ते आठवले. नियम झाला म्हणून प्रेक्षक येतो असे नाही. पण पडदाच मिळाला नाही तर तो येणार कुठून, हेही आहेच.

मध्यरात्रीचा चहा

नाना, एका वाक्यात दोन्ही बाजू मांडून मोकळे झालात.

कुरकुरीतांच्या प्रश्नाला माझं उत्तर पुढच्या भागात आहे. 'व्होलिशन'चे पैसे जमले त्याच वर्षी मो कार्लसन बाहेर पडला. पुढचं शिक्षण घ्यायचं म्हणून. चौदा वर्षं एकत्र वाजवल्यावर! लोकांचे पैसे घेतलेत, वचन दिलंय आणि ड्रमर नाही. मग अल्बमवर ड्रम्स वाजवले लॅम्ब ऑफ गॉड या अमेरिकी मेटल बँडच्या तेव्हाच्या ड्रमरने, क्रिस अ‍ॅडलरने. त्याचा बँड यांच्याहून कितीतरी मोठा. पुढे माइक इराडी कायमचा आला. २०१४ मध्ये आरिफही गेला आणि कॅम मॅकलेलन बासवर आला. त्याच वर्षी 'व्होलिशन'ला मेटल/हार्ड म्युझिक विभागात जुनो हे कॅनडाचं संगीत पारितोषिक मिळालं. हा विभागच मुळी २०१२ मध्ये सुरू झालेला. इतकी वर्षं मेटल पिकवणाऱ्या देशाला त्यासाठी एक वेगळं कपाट करायला एवढा वेळ लागला.

म्हणजे यश येतं त्याच्या आसपासच पाचातले दोन मित्र घरी जातात. हे मला नेहमी टोचतं. शाळेतल्या बँडचं वय वाढतं म्हणजे नेमकं काय होतं, तर एकाला कॉलेज आठवतं, एकाला आणखी काही करावंसं वाटतं. त्यात भांडणच झालेलं असतं असं नाही.

मग २०१५ च्या ऑक्टोबरात त्यांनी आणखी एक उद्योग केला, 'पॅसिफिक मिथ'. अल्बम नाहीच. बँडकॅम्पवर (संगीत थेट विकायचं संकेतस्थळ) वर्गणी भरा, दर महिन्याला एक नवं गाणं आणि त्याचीच गायनाविना आवृत्ती, अशी सहा गाणी. मासिकच काढलं म्हणा ना. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये ती सहाही पुन्हा मिक्स करून ईपी म्हणून बाजारात आणली.

समेवर या

मासिक चालवलेल्या माणसाला विचारा. मी एका छोट्या संगीतविषयक अंकाचं काम बघत होतो. पहिला अंक उत्साहाने, दुसरा सवयीने, तिसऱ्यापासून प्रेसवाल्याला तोंड चुकवणं सुरू. दर महिन्याला असलं अवघड गाणं लिहून, बसवून, ध्वनिमुद्रित करून द्यायचं? आणि पैसे आधीच खाल्लेले!

डबल पेडल

त्याचा परिणाम ऐकू येतो, आणि मला तो आवडतो. 'पॅसिफिक मिथ'ची गाणी एकमेकांशी बोलत नाहीत. प्रत्येक गाणं आपापल्या महिन्यातलं आहे. 'केझिया' ही कादंबरी आणि हे सहा सुटे लेख. पुन्हा मिक्स का करावं लागलं असेल याचंही उत्तर त्यातच आहे. घाईत छापलेल्या अंकाची दुसरी आवृत्ती काढताना माणूस शुद्धलेखन तपासतोच.

मध्यरात्रीचा चहा

मी वर्गणीदार होतो. या वेळी स्वतःच्या कार्डावर. महिन्यातून एकदा मेल यायचा, ऑफिसच्या बसमध्ये उघडायचो. हिंजवडीच्या पुलाखाली बस अडकलेली आणि कानात नवंकोरं गाणं, जे त्या दिवशी जगात फार तर काही हजार लोक ऐकत असतील. अल्बम विकत घेण्याहून हे सुख वेगळं आहे. दिवाळी अंक पोस्टाने यायचा तेव्हा आमचे बाबा आधी पाकिटाचा वास घ्यायचे. तसंच काहीसं.

कुरकुरीत

बरं, आता तुम्ही मला वर्गणीदार करूनच सोडणार. पुढे काय झालं? टिकले का?

डबल पेडल

टिकले. पाचवा पूर्ण अल्बम 'पॅलिम्प्सेस्ट', जून २०२०. 'व्होलिशन'नंतर साडेसहा वर्षांनी. उशिराचं मोठं कारण रोडीचा गळा. आवाज बसला, ध्वनिमुद्रण थांबलं, गळा पुन्हा घडवावा लागला. हा माणूस तार सप्तकात स्वच्छ गातो आणि त्याच श्वासात ओरडतो, हे वीस वर्षं. विशीत ते नुसतं दांडगाईवर निभतं. तिशीत गळा हिशोब मागतो.

विषय अमेरिकेचा इतिहास. बेपत्ता झालेली वैमानिक अमेलिया इअरहार्ट, १९३७ ची हिंडेनबर्ग या हवाई जहाजाची आग, महामंदीतला तो स्थलांतरित आईचा फोटो, हॉलिवूडच्या पाटीवरून १९३२ मध्ये उडी घेतलेली नटी, माउंट रशमोरच्या डोंगरात कोरलेले राष्ट्राध्यक्ष. शीर्षकाचा अर्थ जुनं खरवडून त्यावर नवं लिहिलेलं चर्मपत्र. कॅनडात राहून शेजाऱ्याच्या घराण्याची कुलकथा तपासायला घेतलीय, आणि खरवडलेलं खालचं वाचून दाखवतायत. आणि हो, धाग्याच्या मालकासाठी, बारा वर्षांनी चंगीझ खान परत आला, फक्त त्याला माउंट रशमोरवर कोरलाय.

वसईची पोर

त्या नटीचं गाणं ऐका. पेग एंटविसल. केझियानंतर पुन्हा एका बाईच्या शेवटच्या दिवसाशी येऊन थांबलेत. या वेळी बंदूक धरलेला कुणी दिसत नाही.

एजॅक्सकर

अवांतर: मी यांना टोरांटोत एकदा प्रत्यक्ष पाहिलंय, मुलाला सोबत म्हणून. मला वाटलं होतं मागे उभा राहून फोन बघत बसेन. पण दोन गाण्यांच्या मध्ये तो गायक जे बोलतो! इतकं गंभीर, क्लिष्ट संगीत आणि मध्ये अगदी कट्ट्यावरच्या मित्रासारखी वायफळ चेष्टा, स्वतःच्याच बँडची. शेजारी चाळिशीचा एक जण होता, टी-शर्ट धुऊन धुऊन पांढरट झालेला. तो प्रत्येक शब्द म्हणत होता, त्याच्या खांद्यावर दहाएक वर्षांची मुलगी, कानांवर आवाज अडवणारे मोठे गुलाबी इअरमफ. तीही म्हणत होती.

मुलगा परतताना गो ट्रेनमध्ये म्हणाला, बाबा, हे आपल्या पुढच्याच स्टेशनचे आहेत. इतक्या वेळा ऐकून झालं होतं, पण ते त्याला त्या रात्री लागलं. घरी आल्यावर साडेबाराला तळघरातून ड्रम्स.

नाना ७१

मंडळी, हा धागा मी रोज वाचतो आहे. आता एक सोपे सांगा. मला आणि आमच्या सौ.ला झेपेल असे एखादे गाणे आहे का? मिक्सरखेरीज.

मध्यरात्रीचा चहा

नाना, 'केझिया'तलं नववं, 'द डिव्हाइन सुइसाइड ऑफ के'. गोंगाट आहेच, पण धीर धरा, बाईचा आवाज येतो. आधी वसईच्या पोरीचा प्रतिसाद पुन्हा वाचा म्हणजे ती कोण, कुठे उभी आहे ते कळेल.

समेवर या, तुम्हीही. आणि मोजू नका.

समेवर या

मोजलं. दोनदा चुकलो. तिसऱ्यांदा मुलगी म्हणाली, बाबा, मांडीवरचा हात काढा.

नाना ७१

काल रात्री जेवणानंतर ऐकले. आवाज हळू ठेवून, हेडफोनची एक पुंगळी माझ्या कानात, एक सौ.च्या. शब्द फारसे लागले नाहीत. ती बाई गायला लागली तेव्हा सौ.ने हात वर करून मला गप्प केले, मी काही बोलत नव्हतो तरी. संपल्यावर विचारले, कसे वाटले? म्हणाली, हिला मारतात का शेवटी?

काय सांगू तिला?

वसईची पोर

काकूंना म्हणावं, दहावं ऐका.